तळपायावरचा डाग आणि आपण भरलेला कर

ईलिंगमध्ये ऊन पडले की वॉलपोल पार्कच्या हिरवळीवर गोरी मंडळी पाठ उघडी टाकून पसरतात आणि आपण झाडाची सावली शोधतो. त्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचा विषय निघाला की ‘हा त्यांचा आजार, आपला नव्हे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निम्मेच खरे आहे. आपल्या त्वचेतील रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते आणि हा रोग आपल्यात पुष्कळच कमी आढळतो. पण सावळ्या वर्णाच्या माणसांत तो बहुधा उशिरा ओळखला जातो, आणि या रोगात उशीर हाच मोठा शत्रू.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, संगणकाच्या व्यवसायातला आहे. म्हणून येथे औषधोपचाराचा सल्ला नाही. सरकार या रोगासाठी काय करते आणि त्याचा लाभ आपल्या घरापर्यंत कसा पोचतो, एवढेच सांगायचे आहे.

पाहायचे कुठे?

त्वचेच्या कर्करोगातला विशेष धोकादायक प्रकार म्हणजे मेलानोमा. २०१७ ते २०१९ या काळात ब्रिटनमध्ये त्याचे दरवर्षी सुमारे १७,५०० नवे रुग्ण आढळले. सावळ्या लोकांत तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तेथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांना १९७७ साली पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हाच रोग निघाला आणि १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, ते गेले.

येथील सरकारी संस्था ‘नाइस’ हिने जी.पी.साठी सात खुणांची यादी दिली आहे. तिळाचा किंवा डागाचा आकार वाढणे, कडा वेड्यावाकड्या होणे आणि रंग एकसारखा नसणे या तीन मोठ्या खुणा. प्रत्येकीला दोन गुण. रुंदी सात मिलिमीटर किंवा अधिक असणे, सूज किंवा लाली, पाझरणे आणि खाज वगैरे संवेदनेतला बदल या चार लहान खुणा. प्रत्येकीला एक गुण. बेरीज तीन किंवा अधिक झाली तर जी.पी.ने तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे, असा संकेत आहे. तळवा आणि नख यांच्या बाबतीत मात्र गुण मोजत बसू नये. सावळ्या लोकांच्या नखांवर काळपट रेषा पुष्कळदा निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावर नवी रेषा उमटली किंवा जुनी रुंदावू लागली, तर ती सरळ दाखवावी.

दार एकच, जी.पी.चे

इंग्लंडमध्ये असे उद्दिष्ट ठरले आहे की, तातडीची चिठ्ठी गेल्यापासून २८ दिवसांत कर्करोग आहे की नाही हे रुग्णाला कळावे. कर्करोग निघाल्यास चिठ्ठीपासून ६२ दिवसांत उपचार सुरू व्हावेत. सगळीकडे हे दिवस पाळले जातातच असे नाही. म्हणून चिठ्ठी ‘तातडीची’ म्हणूनच गेली ना, हे सर्जरीत विचारून घ्यावे आणि तारीख न आल्यास फोन करावा. त्यात भिडस्तपणा नको. घरातील वडीलधाऱ्यांना इंग्रजीची अडचण असेल तर मराठी दुभाष्या मागता येतो. त्याचे पैसे पडत नाहीत.

पैशाची बाजू

पगारातून जाणाऱ्या कराचा आणि नॅशनल इन्शुरन्सचा काही भाग एन.एच.एस.कडे जातो. व्हिसावर आलेली मंडळी शिवाय आरोग्य अधिभार भरतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड झाला. म्हणजे हे उपचार कोणाचे उपकार नव्हेत.

कर्करोगाच्या रुग्णाला १ एप्रिल २००९ पासून इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनचे शुल्क माफ आहे. मात्र ही माफी आपोआप मिळत नाही. जी.पी.मार्फत अर्ज करून दाखला घ्यावा लागतो. तो साधारण पाच वर्षे चालतो आणि इतर आजारांच्या औषधांनाही लागू पडतो.

नोकरदारांनी २०१० चा समानता कायदा ध्यानात ठेवावा. निदान झाल्या दिवसापासून कर्करोगाच्या रुग्णाला त्याचे संरक्षण मिळते आणि कामाच्या वेळांत वाजवी सवलत मागता येते.

भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांचे गणित वेगळे आहे. जी.पी.ची तपासणी त्यांनाही विनाशुल्क असते; पण इस्पितळातील उपचारांसाठी पाहुण्यांना एन.एच.एस.च्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकार पडू शकतो. निकडीचे उपचार पैशासाठी अडवत नाहीत, पण बिल मागाहून येतेच. प्रवासविमा बहुधा जुन्या दुखण्यांना लागू नसतो. तेव्हा तळव्यावरचा जुना डाग विमानात बसण्यापूर्वी तिकडेच दाखवलेला बरा.

संशोधन कोणाच्या पैशावर?

सरकार आणि धर्मादाय संस्था, दोघांच्याही. निम्म्याहून अधिक मेलानोमात ‘बी-रॅफ’ नावाच्या जनुकात बिघाड असतो, हा शोध २००२ साली केंब्रिजजवळील सँगर इन्स्टिट्यूटमध्ये लागला, तो वेलकम ट्रस्टच्या आधाराने. त्यावर बेतलेले औषध २०१२ मध्ये एन.एच.एस.साठी मान्य झाले. पूर्वी शरीरभर पसरलेल्या मेलानोमाचे निम्मे रुग्ण वर्षभरही जगत नसत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, प्रतिकारशक्तीला चालना देणारी दोन औषधे एकत्र घेतलेले ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये मेलानोमावरील लशीची चाचणीही चालू होती.

अशा चाचण्यांसाठी मनुष्यबळ आणि सोयी पुरवणारी सरकारी संस्था, नॅशनल इन्स्टिट्यूट, २००६ मध्ये स्थापन झाली. ‘बी पार्ट ऑफ रिसर्च’ या तिच्या सेवेत कोणालाही नाव नोंदवता येते. सावळ्या वर्णाची माणसे चाचण्यांत आलीच नाहीत, तर आपल्या त्वचेची माहिती तेथे जमा होणार तरी कशी?

एवढी यंत्रणा उभी आहे, पण तळपायावरचा डाग पाहायला ती आपल्या घरी येणार नाही. आपण वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवतो, त्यांचे तळवे मात्र कधी पाहत नाही. येत्या रविवारी नखे कापताना घरातल्या सर्वांचे तळवे आणि नखे उजेडात नीट पाहावीत. काही नवे किंवा बदललेले दिसले, तर सोमवारी सकाळी जी.पी.ला फोन करावा.