अलाऊ की कॅन्सल?

शुक्रवारची संध्याकाळ, एफसी रोडवरचा कॅफे, समोर कोल्ड कॉफी आणि टीममधला एक कलीग. आपल्या लॅपटॉपमध्ये बघत तो सहज म्हणाला, "अगं, तुझं ऑफर लेटर दिसतंय इथे. कुठे चाललीस?" कॉफी घशातच अडकली. बॉसला मी अजून अवाक्षरही सांगितलं नव्हतं!

हॅकिंग-बिकिंग काही नाही. घोळ माझाच. तीन आठवड्यांपूर्वी गोवा ट्रिपचे व्हिडिओ रूममेटला द्यायला एक छोटंसं सॉफ्टवेअर टाकलं होतं. एकाच वाय-फायवरच्या लॅपटॉप्सना एकमेकांचे फोल्डर दाखवणारं. (मी शेअर काय केलं होतं? अख्खा डेस्कटॉप!) ते पहिल्यांदा सुरू करताच विंडोजच्या फायरवॉलनं विचारलं, याला परवानगी द्यायची का? मी फोनवर होते. 'कॅन्सल' दाबून मोकळी झाले. मग व्हिडिओ कुठले जायला! रूममेट म्हणाली, "फायरवॉलच बंद कर ना, सगळे तेच करतात." केली. व्हिडिओ गेले. फायरवॉल परत चालू करायचं दोघींच्याही डोक्यातून गेलं. आणि या कलीगकडे नेमकं तेच सॉफ्टवेअर...

सोमवारी ऑफिसच्या आयटीवाल्या दादाला गाठलं. ऑफर लेटरचा भाग वगळून सगळं सांगितलं. तो म्हणाला, सोसायटीचा वॉचमन बघ. बाहेर जाणाऱ्याला तो काही विचारत नाही, आत येणाऱ्याला मात्र "कोणाकडे?" विचारतो. विंडोजची फायरवॉलही मुळात तशीच. म्हणून बहुतेक सॉफ्टवेअर काही न विचारता नेटवर जातात. ती खिडकी उघडते ती एखादं सॉफ्टवेअर बाहेरून येणाऱ्यांसाठी दार उघडून बसायला लागलं की. म्हणजे खरं तर तेव्हाच फोन बाजूला ठेवून सॉफ्टवेअरचं आणि कंपनीचं नाव वाचायचं.

'कॅन्सल' म्हणजे 'नंतर बघू' नाही, हे मला तेव्हा कळलं. लॅपटॉपवर तुम्ही अॅडमिन असाल तर विंडोज त्या सॉफ्टवेअरला अडवण्याचा पक्का नियमच करून ठेवतं. आणि अडवण्याचा नियम परवानगीच्या नियमाला भारी पडतो. त्यामुळे वर नवा नियम करून उपयोग नाही, जुनाच बदलायचा. 'विंडोज सिक्युरिटी'त फायरवॉलच्या पानावर 'अलाऊ अॅन अॅप थ्रू फायरवॉल' आहे. तिथल्या यादीत आपलं सॉफ्टवेअर शोधायचं आणि फक्त 'प्रायव्हेट'वर टिक करायची. 'पब्लिक' रिकामं. प्रायव्हेट म्हणजे घर, पब्लिक म्हणजे कॅफे, एअरपोर्ट, हॉटेल.

इथे एक गंमत आहे. टिक करूनही माझं काम होईना! कारण घरच्या वाय-फायलाच विंडोजनं 'पब्लिक' धरलं होतं. नवीन नेटवर्क जोडलं की ते बहुतेक वेळा असंच करतं. वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'प्रायव्हेट' केलं, आणि फायरवॉल चालू असताना व्हिडिओ गेले. पाच मिनिटांचं काम!

ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हे उद्योग नकोत. तिथे अॅडमिनचे हक्क नसले तर खिडकी उघडतही नाही, बहुतेक वेळा गुपचूप ब्लॉक होतं. सरळ आयटीला तिकीट टाका.

हा वॉचमन पूर्वी झोपलेलाच असायचा, बरं का. २००१ च्या विंडोज एक्सपीत फायरवॉल होती, पण आपोआप चालू नसायची. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा वर्म आला. कुणी काही क्लिक न करताही नेटवरून थेट मशीनमध्ये घुसायचा, आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होत राहायचं. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टनं फायरवॉल चालू करूनच द्यायला सुरुवात केली. आणि मी बाई ती व्हिडिओंसाठी बंद केली!

कलीगनं तोंड बंद ठेवलंय. बदल्यात नव्या कंपनीत त्याचा सीव्ही पुढे सरकवायचाय.