फणेरपेटी कुणाची?

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयात बायकांच्या वस्तूंना तोटा नाही. करंडे, वज्री, अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडीकुंडी. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवाजमव सुरू केली आणि पुढची सहा-सात दशकं जुने वाडे, गावं, बाजार पालथे घातले. पत्नी कमलाबाईंचा या कामाला मोठा हातभार होता. संग्रहाला नाव दिलं ते सातव्या वर्षी गेलेल्या मुलाचं, राजाचं. आज तिथं वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. केळकरांनी त्या उचलल्या नसत्या तर निम्म्या तरी मोडीत गेल्या असत्या, हे आधी मान्य केलं पाहिजे.

यातली फणेरपेटी घ्या. लाकडाची छोटी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. झाकण उघडून टेकवलं की समोर तोंड दिसतं. खाली कप्पे: फणी, काजळाची डबी, कुंकवाचा करंडा आणि मेण. आधी कपाळावर मेणाचा टिकला, मग त्यावर कोरडं कुंकू दाबून बसवायचं, म्हणजे ते दिवसभर हलत नसे. पाहणारे नक्षी पाहतात, ‘किती सुबक’ म्हणतात आणि पुढे जातात. पण बालविवाहाच्या काळात ही पेटी आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती येई, आणि नवरा दगावला की तिचं झाकण कायमचं मिटे. उच्चवर्णीय घरांत तर फणीचंही काम संपे, कारण केसच उतरवले जात. म्हणजे ही पेटी जितकी शृंगाराची तितकीच वैधव्याची. आपल्याकडच्या संग्रहालयांत पाटीवर साधारणपणे वस्तूचं नाव, फार तर धातू आणि शतक असतं. वापरणारी कोण, हा रकाना नसतोच. केळकर संग्रहालयात ठळकपणे नावानिशी भेटते ती मस्तानी. कोथरूडचा तिचा महाल सोडवून इथं पुन्हा उभा केला आहे. पेशव्याशी संबंध आला तर बाईला नाव मिळतं, असाच त्याचा अर्थ घ्यायचा का?

दुसरी अडचण याहून मोठी. फणेरपेटी खात्यापित्या घरात असायची. जिच्याकडे दोन लुगडी आणि चार मडकी, तिच्या मागे काचेच्या कपाटात ठेवण्यासारखं काय उरणार? वस्तूंवरच भिस्त ठेवली, तर बायकांचा इतिहास हा वाड्यांतल्या बायकांचा इतिहास होतो.

जातं मात्र जवळजवळ प्रत्येक घरात होतं. हल्ली ते हुरडा पार्टीच्या रिसॉर्टवर, दारात झेंडूची माळ घालून ठेवलेलं दिसतं. लोक खुंट्याला हात लावून फोटो काढतात. खरं जातं ओढायचं म्हणजे पहाटे उठून, एक पाय पसरून बसायचं, एका हातानं खुंटा फिरवायचा आणि दुसऱ्यानं मूठ-मूठ दाणे तोंडात सोडायचे. दळण मोठं असलं की समोरासमोर दोघी. घरातले पुरुष झोपलेले, सासू असली तरी अंतरावर, आणि दगडाची घरघर अशी की गायलेलं बाहेर नीट ऐकू जाऊ नये. बाईला मनातलं बोलायला दिवसभरात एवढीच जागा होती. तिथं ओवी झाली. आई, भाऊ, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीची वाट, आणि पुढे बाबासाहेबसुद्धा. गावोगाव पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी गायची वेळच नाहीशी झाली. लग्नातली हळद दळण्यापुरती ती उरली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्यातल्या संशोधक जोडीनं ती गोळा करायला घेतली. मुळशी-मावळच्या डोंगरात ‘गरीब डोंगरी संघटने’चं काम करताना ओव्या त्यांच्या कानी पडल्या. गावातल्याच कार्यकर्त्या बायका घरोघर बसून त्या ऐकत आणि हातानं लिहून घेत. पुढे बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकानं संगणकावर त्याचा कोश रचला. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावं, तीन हजारांवर गायिका. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ च्या महिला दिनापासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळानं हा ठेवा ध्वनिमुद्रणांसह लोकांसमोर मांडायला सुरुवात केली. मला यात लाखाच्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं ते नोंदीचं वळण. ओवीखाली गाणारीचं नाव आहे, गाव, तालुका, जिल्हा आहे. ‘लोकगीत, कर्ता अज्ञात’ असं लिहून विषय मिटवलेला नाही. वस्तुसंग्रहालयांनी ही सवय उचलली तर निम्मं काम होईल.

लिहिणाऱ्या बायकांची गतही फारशी वेगळी नव्हती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल झालेल्या शिक्षेचं. प्रती काढल्या ५००. टीका झाली, जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, आणि मग पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा ९३ वर्षं उलटली होती. आज ते स्त्री-अभ्यासाच्या वर्गात शिकवलं जातं. मधल्या तीन-चार पिढ्यांतल्या वाचणाऱ्या मुलींना मात्र आपल्या आधी कुणी इतकं रोखठोक बोलून गेलंय याचा पत्ता नव्हता. नुकसान झालं ते हे.

१९८९ चं ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक तर पायपिटीतून उभं राहिलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून त्यांना बोलतं केलं. नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, सुमारे २५,००० बायका आल्या होत्या. एवढा जमाव पुरुषांचा असता तर त्याचे पुतळे झाले असते. हे पुस्तक निघालं त्याच सुमारास, १९८८ साली, मुंबईत सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी ‘स्पॅरो’ हा बायकांच्या इतिहासाचा दफ्तरखाना सुरू केला. तिथं मुलाखती, छायाचित्रं, पोस्टरं, पत्रं असं सगळं जपलं जातं. पिढीजात कागदपत्रं सरकारी दफ्तरात जातात. बायकोची पत्रं माळ्यावर, आणि माळा साफ केला की रद्दीवाल्याकडे. कुणी आधी मागून घेतली तरच ती वाचतात.

जागाही अशाच हातच्या जातात; पुण्यातल्या भिडेवाड्याचं उदाहरण ताजं आहे. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली ती इथं. वाडा वर्षानुवर्षं कोर्टकज्जात पडून राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवला गेला. म्हणजे आता जे काही दाखवायचं ते भिंतींविना. पुतळा आणि म्युरल होतीलच, त्याची चिंता नको. मला तिथं मुक्ता साळवे हवी. फुल्यांच्या शाळेतली ही मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळा काढणाऱ्यांचं मोठेपण सांगायला त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुलीच्या लिखाणाइतका पुरावा दुसरा कोणता? तो निबंध भिंतभर मोठ्या अक्षरात लावावा आणि शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यावा.

शाळांचं म्हणाल तर जयंती उत्साहात होते. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या वेशात मुली येतात, भाषणं पाठ असतात. पण त्याच मुलींना पणजीचं नाव विचारा, बहुतेक अडखळतील. याला एक कारण आपल्या चालीरीतीतच आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की आधीचं संपलं. कल्याणच्या यमुनेची आनंदीबाई जोशी झाली आणि ती अमेरिकेतून डॉक्टर होऊन आली. कुर्लेकरांच्या यमुनेची रमाबाई रानडे झाली. मनकर्णिका गोखलेची लक्ष्मीबाई टिळक झाली. या नामवंत, म्हणून त्यांची दोन्ही नावं आपल्याला ठाऊक. बाकीच्यांचा माग काढायला जावं तर शाळेच्या पटावर एक नाव, सातबाऱ्यावर (असलंच तर) दुसरं, आणि दोन्ही एकाच बाईची हे सांगणारं कुणी नाही.

म्हणून सातवी-आठवीच्या इतिहासाच्या तासाला दिवाळीच्या सुट्टीचा एकच अभ्यास द्यावा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपाशी वही घेऊन बसायचं. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं, शाळा कितवीपर्यंत आणि का सुटली, पहिली मजुरी किती मिळाली. एखादी वस्तू तिनं दाखवली तर ती कुणी, कधी दिली. ओवी आठवत असेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची आणि ओव्यांच्या कोशात आपल्या तालुक्यातलं कुठलं गाव आहे ते शोधायचं. शेवटचा प्रश्न: गावात पिठाची गिरणी कोणत्या साली आली? याचं उत्तर आजीला नसेल तर गिरणीवाल्याकडे असेल, आणि दोघांची सालं जुळली नाहीत तर पुढच्या तासाला वर्गात त्यावर खुशाल भांडावं.