बर्फावरच्या फळ्या : विकत घ्याव्यात की भाड्याने?

वैशाखाच्या उकाड्यात घाम पुसत बसलेल्या श्रोत्यांपुढे बर्फावरून घसरण्याच्या फळ्यांविषयी बोलावयास उभे राहणे हा थोडासा विनोदच आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु नांगराची डागडुजी पाऊस येण्यापूर्वी करावयाची असते. गुलमर्गची तिकिटे दिवाळीच्या सुमारास निघतात, फळ्या विकत घेण्याचा मोह परतीच्या वाटेवर होतो, आणि दोन्ही वेळी डोके ठिकाणावर नसते. तेव्हा या प्रश्नाचा थंडपणे विचार करण्यास हा उन्हाळाच बरा.

काश्मिरातील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली, मनालीजवळची सोलांग दरी येथे हिवाळ्यात चार-सहा दिवस स्की शिकावयास जाणारी मराठी कुटुंबे आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. कुणाची मुले म्युनिकला किंवा झुरिकला असतात. त्यांच्याकडे गेले की आल्प्सचा उतार खुणावतो. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथल्या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ साली व दुसरा २००५ साली सुरू झाला. हा दुसरा टप्पा माणसाला अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरांवर, नेऊन सोडतो. शिकाऊ माणसाचे काम मात्र खालच्या सौम्य उतारावरच असते, आणि आमचे आजचे बोलणे अशाच पाहुण्या खेळाडूंसाठी आहे.

प्रथम साहित्य म्हणजे काय ते पाहू. त्याचे तीन घटक आहेत : पायातला बूट, पायाखालची फळी, आणि या दोहोंना जोडणारा खटका, ज्याला बाइंडिंग म्हणतात. हातातल्या काठ्या चौथ्या. त्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. नवखा माणूस दुकानात शिरला की त्याची नजर फळीच्या रंगावर जाते. वस्तुतः महत्त्वाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. खटका जीव सांभाळतो, बूट खेळ सांभाळतो, आणि फळी या दोघांच्या हुकमतीत चालते.

फळीचा इतिहास मनोरंजक आहे. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांताचा सोंद्रे नॉरहाइम (१८२५–१८९७) याने कमरेशी किंचित निमुळती अशी फळी वापरात आणली आणि टाचेला वळसा घालणारे बंधन बांधले; त्यामुळे फळीला वळण घेता येऊ लागले. पुढे लाकडाच्या कडांना पोलादी पट्टी आली. तरीही कित्येक दशके फळ्या माणसाच्या डोक्यावरून हातभर उंच असत. १९९३च्या सुमारास स्लोव्हेनियातील एलान कंपनीने पुष्कळ अधिक निमुळत्या कमरेची फळी काढली, आणि फळी आखूड झाली. आज शिकाऊ माणसाला हनुवटीपर्यंत पोचणारी फळी देतात. हात बसलेल्याला नाकापर्यंत किंवा कपाळापर्यंत. फळीवर लांबी, रुंदी आणि वळणाची त्रिज्या छापलेली असते. कमरेशी ७० ते ८० मिलिमीटर रुंदीची फळी दाबून सारख्या केलेल्या उतारासाठी, आणि शंभराच्या आसपासची भुसभुशीत खोल बर्फासाठी. याचा अर्थ असा की, आल्प्समधील घोटीव उतारासाठी घेतलेली फळी अफरवटच्या गुडघाभर बर्फात बुडू लागते. शिवाय पहिल्या वर्षी योग्य असलेली फळी शिकणाऱ्याला तिसऱ्या वर्षी अपुरी पडते. भाड्याची फळी रोज बदलून मिळते. विकतची फळी आपल्यालाच बदलू देत नाही.

आता हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. आपापल्या दुकानातले भाव त्या जागी घालावेत. समजा, नवा संच साठ हजारांना मिळाला आणि भाडे दिवसाला दीड हजार आहे. वर्षातून सहा दिवस खेळणाऱ्याचे भाडे नऊ हजार होते. स्वतःचा संच असला तर हे नऊ हजार वाचतात खरे. पण कडांना धार लावणे, तळाला मेण देणे, खटका तपासून घेणे आणि विमानाचे जादा वजन यांसाठी साडेपाच हजार गेले असे धरा. निव्वळ बचत साडेतीन हजार. म्हणजे साठ हजार भरून यावयास सतरा वर्षे लागतील. बूट तोवर टिकणार नाहीत! उलट वर्षाला पंधरा दिवस खेळणाऱ्याचे भाडे साडेबावीस हजार. त्याचा वरखर्च सात हजार धरला तरी चार वर्षांत संच फिटतो. तात्पर्य, किमतीपेक्षा वर्षाकाठी दिवस किती, हाच खरा प्रश्न आहे. जुन्या पुण्यात तासावर सायकल मिळे. महिन्यातून एकदा पर्वतीला जाणारा माणूस तेवढ्यासाठी सायकल विकत घेत नसे.

वजनाचाही विचार करावा. खटक्यासह फळ्यांची जोडी पाच ते सात किलो आणि बूट चार किलोच्या आसपास भरतात. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुधा पंधरा किलो सामान नेता येते. म्हणजे लोकरी कपड्यांना चार-पाच किलोच उरले.

यावर कोणी म्हणेल, ‘एकदा घेतले की पडून राहिले तरी काय बिघडते?’ बिघडते, आणि याची फी आम्ही स्वतः भरली आहे. परदेशातून परतताना हंगाम संपल्याच्या सवलतीत आम्ही एक संच मोठ्या हौसेने आणला आणि माळ्यावर ठेवला. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात पिशवी उघडली तेव्हा पोलादी कडांवर गंजाचा थर होता, आणि पाय घालताच बुटाचे कवच घोट्याशी तडकले. असे होण्याचे कारण रासायनिक आहे. ही कवचे बहुधा पॉलियुरेथेनची असतात. हवेतील ओल त्या द्रव्याची साखळी हळूहळू तोडते, आणि वरून चकचकीत दिसणारा बूट आतून ठिसूळ होतो. वापर झाला नाही म्हणजे झीज झाली नाही, हा समज येथे खोटा ठरतो. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात चार महिने भिंतींनाही बुरशी येते. तेथे या वस्तू बाळगणे म्हणजे दाराशी हत्ती बांधण्यासारखे आहे.

मग सारे भाड्यानेच घ्यावे काय? येथे आम्ही एक अपवाद करतो, तो बुटाचा. भाड्याचा बूट शेकडो पायांनी आतून सैल केलेला असतो. तो बोटांना चावतो आणि टाचेला धरत नाही. टाच उचलली गेली की गुडघ्याची हालचाल फळीपर्यंत पोचतच नाही, आणि शिकणारा आपल्या अंगाला दोष देत बसतो. म्हणून वर्षाला आठ-दहा दिवस नेमाने खेळणाऱ्याने प्रथम बूट घ्यावा. तो नेहमीच्या सामानात मावतो. या बुटाचे माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधील लांबी : पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर तर बूट साडेसव्वीस. आतला मऊ मोजा काढून नुसत्या कवचात पाय घालावा आणि बोटे पुढे टेकवावीत. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहावी. मग मोजा परत घालून, पायात एकच पातळ पायमोजा ठेवून, सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकेच लागावीत आणि गुडघे वाकवताच मागे सरावीत. दुकानात मऊ गादीसारखा वाटणारा बूट उतारावर दगा देतो. तळव्यांचे प्रकारही आता वेगवेगळे आले आहेत व प्रत्येक खटका प्रत्येक तळव्याला चालत नाही. म्हणून स्वतःचा बूट घेऊन भाड्याची फळी मागताना हे मुद्दाम विचारावे.

आता सर्वांत गंभीर भाग. खटक्याचे काम बूट धरून ठेवण्याचे आहे, तसेच वेळ येताच सोडण्याचेही आहे. पाय पिळला जाऊ लागला की पुढचा भाग बाजूला सुटतो. माणूस तोंडावर कोसळू लागला की मागचा भाग वर सुटतो. किती जोराला सुटावे हे एका आकड्यावर लावतात, आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी व खेळण्याची तऱ्हा या पाच गोष्टींवरून काढतात. पन्नाशी गाठलेल्यांसाठी तो एक पायरी खाली आणतात. एका हिवाळ्यात भाड्याच्या दुकानापुढे गर्दी होती. कोणी काही न विचारता फळ्या हाती दिल्या, आणि ‘चला, उशीर होतोय’ असे म्हणणारे आम्हीच होतो. दुपारी आमचा पुतण्या अगदी सावकाश, जवळजवळ उभ्या जागी, पडला. फळी बर्फात रुतली, खटका सुटला नाही, आणि पिळवटून नडगीचे हाड मोडले. तो आज नीट चालतो. परंतु त्या दुपारी दोन मिनिटे थांबून एक प्रश्न विचारला असता तर, हा विचार आमचा पिच्छा सोडत नाही. दुकानदाराची चूक होतीच. पण ज्याच्या भरवशावर पोर आले होते, त्याची काही कमी नव्हती.

म्हणून भाड्याने घेताना संकोच सोडावा. आपले वजन आणि वय खरे सांगावे. येथे वय चोरणे महाग पडते. खटक्यावर लावलेला आकडा आपल्या डोळ्यांनी पाहावा आणि तो कशावरून ठरवला ते विचारावे. कडांवर नख आडवे घासून धार आहे का ते बघावे, तळाला खोल चरे नाहीत ना ते पाहावे. बूट निघताच फळीला थोपवणारे ब्रेकचे दांडे खाली येतात की नाही हे तेथेच करून पाहावे, नाहीतर सुटलेली फळी उतारावरच्या दुसऱ्या कोणाच्या अंगावर जाईल. बुटाचा तळवा झिजून गोल झाला असेल तर तो बूट परत करावा. खटका कितीही चांगला असला तरी अशा तळव्याशी तो नीट वागत नाही. जुना संच स्वस्तात विकत घेणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. फार जुन्या खटक्याला हात लावण्यास जाणता कारागीर नकार देतो, आणि तो बरोबर असतो. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, उत्तम खटकाही नडगीला जितके वाचवतो तितके गुडघ्यातील स्नायुबंधांना वाचवू शकत नाही. तेथे शिक्षकाने सांगितलेली मर्यादाच कामास येते.

सारांश, वर्षाला आठवड्याहून कमी खेळणाऱ्याने सर्व काही भाड्याने घ्यावे. आठ-दहा दिवसांची सवय लागली की बूट घ्यावा, आणि बर्फाच्या गावी वर्षाला पंधरा-वीस दिवस राहणे घडले तरच फळ्या. वाढत्या वयाच्या मुलांसाठी यांपैकी काहीच विकत घेऊ नये; आल्प्समध्ये त्यांच्यासाठी अख्ख्या हंगामाचे भाडे भरण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते, तिचा लाभ तेथे राहणाऱ्यांनी घ्यावा.

आपल्याकडे स्वतःची वस्तू असण्यात एक समाधान मानतात, आणि भाड्याच्या वस्तूकडे जरा कमीपणाने पाहतात. आमच्या माळ्यावर गंजलेल्या त्या फळ्या संपूर्णपणे आमच्या मालकीच्या होत्या. उतारावर त्यांनी आम्हाला एक दिवसही साथ दिली नाही. येत्या हिवाळ्यात आपल्यापैकी जे बर्फावर जातील त्यांनी फळ्या खुशाल दुसऱ्याच्या वापराव्यात. चौकशी मात्र स्वतःची स्वतः करावी.