कृत्रिम बुद्धि आणि आमचीं मुलें

सन २०२२ च्या नोव्हेंबरांत ‘चॅटजीपीटी’ हें संभाषणयंत्र जगापुढें आलें, तेव्हांपासून ‘आतां मुलें विचार करणें सोडणार’ अशी वडीलधाऱ्यांची ओरड घरोघरीं ऐकूं येते. आम्हीहि त्या ओरडणाऱ्यांत होतों. परंतु खुद्द मुलांचें मत कोणीं विचारलें आहे काय? अमेरिकेंतील प्यू संशोधन केंद्रानें २०२४ सालीं तेथील तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींस तें विचारलें. शेंकडा २६ जणांनीं शाळेच्या कामीं हें यंत्र वापरलें होतें. आदल्या वर्षीं हें प्रमाण १३ होतें. नव्या विषयाची माहिती मिळविण्यास त्याचा उपयोग करावा, असें ५४ जणांस वाटलें. मात्र निबंध त्याजकडून लिहवून घेणें योग्य मानणारे अवघे १८ निघाले!

हें वाचून आम्ही वरमलों. शिक्षकाच्या पेशांत असतां, परीक्षेच्या धास्तीनें, ‘पावसाळा’ या विषयावरील तयार निबंध आम्हींच फळ्यावर लिहून देत असूं. मुलें तो घोकीत, आणि आम्ही त्यांस गुण देत असूं. उसन्या शब्दांचा धडा प्रथम आम्हींच घालून दिला. यंत्र तरी दुसरें काय करतें? अफाट लेखनसंग्रहावरून पुढें कोणता शब्द संभवतो, तें ताडतें; पावसांत तें कधीं भिजलेलें नाहीं.

तेव्हां वाचकहो, यंत्र हिसकावून घेण्यापूर्वीं मुलास जवळ बसवून विचारावें : ‘बाळ, यांत तूं पाहिलेला पाऊस कोठें आहे?’ आणि त्याचें उत्तर ऐकण्यास सवड काढावी.