मोठ्या गाडीकडून लहान गाडीकडे : एका अदलाबदलीचा हिशेब

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात गजशास्त्र आणि अश्वशास्त्र या दोन्ही विषयांवरील ग्रंथ आहेत. हत्तीचे शास्त्र निराळे आणि घोड्याचे निराळे, कारण दोघांची कामेही निराळी. याच राजवाड्यातून दुसरे सरफोजी राजे १८२० ते १८२२ या काळात काशीयात्रेस गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे ३,००० माणसांचा लवाजमा होता. यात्रेला असा लवाजमा लागतो. रोजच्या कारभाराला लागत नाही. राजेरजवाड्यांना प्रत्येक कामासाठी वेगळे वाहन ठेवता येत असे. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबाला मात्र एकाच वाहनात सारे काही बसवावे लागते आणि निवड चुकते ती नेमकी इथेच.

अलीकडे मोठी, ऐसपैस, चारही चाकांना इंजिनाची शक्ती पुरवणारी गाडी देऊन शहरात वापरण्याजोगी लहान, चपळ गाडी घेण्याचा विचार अनेक घरांत होतो. हा व्यवहार केव्हा फायद्याचा ठरतो, केव्हा ठरत नाही आणि करायचा झाल्यास कागदपत्रांची कोणती काळजी घ्यावी, याचा विचार या लेखात करू.

राजवाड्याजवळचे एक घर

उदाहरणासाठी तंजावूरच्या राजवाडा परिसरातील एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणू. व्यंकोजी राजे भोसले यांनी सतराव्या शतकात येथे मराठी राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. राज्य गेले, पण घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ बोलणारी कुटुंबे येथे राहिली. राजवाड्याभोवतीच्या चार मुख्य रस्त्यांना फुटणाऱ्या गल्ल्या मोटारीचा शोध लागण्यापूर्वीच्या आहेत. अशाच एका गल्लीत निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी राहतात. मुलगा पुण्यास, मुलगी बंगळुरूस. सात वर्षांपूर्वी त्यांनी सात आसनी, डिझेलवर चालणारी मोठी गाडी घेतली. मुले-नातवंडे आली की सर्वांनी एकत्र जावे, कुलदैवताच्या दर्शनासाठी तुळजापूरपर्यंत प्रवास करावा, ही त्यामागची इच्छा.

मग कार्तिकातल्या एका पावसाळी रात्री गृहस्थांच्या छातीत कळ आली. दाराशी गाडी उभी होती. पत्नीकडे वाहन चालवण्याचा परवानाही होता. परंतु दोन्ही बाजूंना दुचाकी उभ्या असलेल्या त्या गल्लीतून ती गाडी उलटी बाहेर काढण्याचा सराव घरात एकालाच होता आणि आजारी पडला होता तोच. शेजाऱ्यांना उठवून, रिक्षा शोधून रुग्णालय गाठेपर्यंत बराच वेळ गेला. सुदैवाने गृहस्थ सुखरूप घरी परतले. पण ‘ही गाडी नेमकी कोणासाठी आहे?’ हा प्रश्न त्या रात्रीपासून घरात उभा राहिला.

मापे काय सांगतात?

प्रथम गाडी आणि गल्ली यांची मापे जुळवून पाहू. येथे दिलेली नावे केवळ मोजमापासाठी आहेत, ती शिफारस समजू नये. चाकण येथे तयार होणारी आणि २०११ मध्ये बाजारात आलेली महिंद्र एक्सयूव्ही ५०० ही गाडी ४,५८५ मिलिमीटर लांब आणि १,८९० मिलिमीटर रुंद होती. २०२४ मध्ये आलेली नवी मारुती स्विफ्ट ३,८६० मिलिमीटर लांब आणि १,७३५ मिलिमीटर रुंद आहे. म्हणजे पहिली गाडी सुमारे ८.७ चौरस मीटर जागा व्यापते, तर दुसरी सुमारे ६.७ चौरस मीटर.

गल्ली तीन मीटर रुंद आहे आणि एका बाजूस सत्तर सेंटिमीटर जागा अडवणारी दुचाकी उभी आहे, असे समजू. मोठ्या गाडीला दोन्ही बाजू मिळून केवळ ४१ सेंटिमीटर मोकळे राहतात आणि बाजूचे आरसे उघडे असतील तर त्याहून कमी. लहान गाडीला ५६ सेंटिमीटर मिळतात. वळणाची त्रिज्या पहिल्या गाडीची ५.६ मीटर, तर दुसरीची ४.८ मीटर. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण कोपऱ्यावर एका दमात वळणे आणि तीनदा पुढे-मागे करणे यांतील अंतर एवढेच असते.

चारही चाकांची शक्ती : उपयोग आणि गैरसमज

साध्या गाडीत इंजिनाची शक्ती पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांना मिळते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीत ती चारही चाकांना मिळू शकते. अशा अनेक गाड्यांत एरवी पुढचीच चाके ओढतात आणि ती घसरू लागल्याचे यंत्रणेच्या ध्यानात येताच शक्तीचा काही भाग मागे पाठवला जातो. चिखल, वाळू, बर्फ किंवा ओला चढ असेल तेथे ही व्यवस्था अतिशय मोलाची आहे. कोकणातील लाल मातीच्या चढावर राहणाऱ्याने ती घाईने सोडू नये.

मात्र दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, अशी गाडी लवकर थांबते. प्रत्यक्षात ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात. ऑल-व्हील ड्राइव्हची मदत निघताना होते, थांबताना नाही. उलट जड गाडीला थांबवणे अधिक कष्टाचे असते. दुसरा गैरसमज साचलेल्या पाण्याविषयी. तंजावूर हे कावेरीच्या सपाट खोऱ्यातील गाव. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात येथील अडचण चढाची नसून पाण्याची असते. पाण्यातून जाताना गाडीची जमिनीपासूनची उंची आणि इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळीचे स्थान महत्त्वाचे ठरते. किती चाकांना शक्ती मिळते, हे नव्हे. या उंचीच्या बाबतीत मोठी गाडी सरस असते, हे मान्य करावे आणि लहान गाडीच्या मालकाने पाणी ओसरेपर्यंत थांबण्याचा संयम ठेवावा.

‘स्पोर्टी’ म्हणजे काय?

जाहिरातीत हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. लाल शिलाईची आसने आणि काळे छत यांनी गाडी चपळ होत नाही. चपळता वजनाच्या मानाने शक्ती किती यावर ठरते. १४० अश्वशक्तीची गाडी १,९०० किलोची असेल, तर प्रत्येक टनामागे सुमारे ७४ अश्वशक्ती मिळते. ८५ अश्वशक्तीची गाडी ९२५ किलोची असेल, तर प्रत्येक टनामागे सुमारे ९२. म्हणूनच लहान इंजिनाची गाडी सिग्नलवरून अधिक तरतरीत निघते. मात्र दोन्ही गाड्यांत ४०० किलोंचा भार, म्हणजे पाच माणसे आणि सामान, घातला की हे आकडे अनुक्रमे सुमारे ६१ आणि ६४ होतात. चपळता बहुतांशी ओसरते. सारे कुटुंब बसवूनच चाचणीफेरी घ्यावी, ती यासाठी.

आणखी एक सावधगिरी. खेळकर बांधणीच्या गाडीत आसन खाली असते, निलंबन कडक असते आणि टायरची कड अरुंद असते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला उंच गाडीत चढणे जसे जड जाते, तसेच खोल आसनातून उठणेही जड जाते. आपल्या उदाहरणातील गृहस्थांनी चाचणीच्या वेळी गाडी चालवण्याऐवजी पाच वेळा आत बसून बाहेर यावे. त्यातून अधिक कळेल.

पैशाचा हिशेब

आता आकड्यांकडे वळू. पुढील रकमा केवळ उदाहरणादाखल गृहीत धरल्या आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या रकमा घालाव्यात.

जुन्या गाडीचे ६,५०,००० रुपये येतात आणि नवी लहान गाडी सर्व खर्चासह ८,५०,००० रुपयांना पडते. उरलेल्या २,००,००० रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ६,३६० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २९,००० रुपये, म्हणजे वर्षाला सरासरी ९,७०० रुपये होते.

गावातील वापर वर्षाला ८,००० किलोमीटर धरू. मोठी गाडी लिटरला ११ किलोमीटर जात असेल, तर ९२ रुपये दराने डिझेलचा खर्च सुमारे ६६,९०० रुपये. लहान गाडी लिटरला १७ किलोमीटर जात असेल, तर १०१ रुपये दराने पेट्रोलचा खर्च सुमारे ४७,६०० रुपये. बचत १९,३०० रुपयांची. विम्यातही फरक पडतो : १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता १,५०० घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये, तर १,००० ते १,५०० च्या गटाला ३,४१६ रुपये होता. विम्यातील एकूण बचत १२,००० आणि देखभाल व टायर यांतील १८,००० रुपये धरल्यास वार्षिक बचत ४९,३०० रुपये होते.

आता खर्चाची बाजू. वर्षात सातही आसने भरल्याचे दिवस या कुटुंबाने मोजले, ते नऊ निघाले. त्या नऊ दिवसांसाठी चालकासह मोठी गाडी रोज ५,००० रुपये भाड्याने घेतल्यास ४५,००० रुपये लागतील. स्वतःच्या गाडीला लागले असते ते १०,००० रुपयांचे इंधन वजा करता जादा खर्च ३५,००० रुपये. ४९,३०० मधून ते आणि व्याज वजा केल्यास हाती उरतात सुमारे ४,६०० रुपये.

निष्कर्ष स्पष्ट आहे. केवळ बचतीसाठी हा व्यवहार करू नये. वर्षाला साडेचार हजार रुपयांसाठी दोन लाख घालण्यात शहाणपण नाही. कर्ज टाळायचे असेल, तर आलेल्या रकमेत बसणारी, चांगल्या अवस्थेतील वापरलेली लहान गाडीही पाहावी.

कर आणि कागदपत्रे

लहान गाडीची व्याख्या करकायद्याने ठरवली आहे. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० व डिझेलचे असल्यास १,५०० घन सेंटिमीटरपर्यंत असावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के करण्यात आला. त्यांहून मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्के दर ठरला. निवडलेली ‘लहान’ गाडी या व्याख्येत बसते का, हे आधी पाहावे.

जुनी गाडी विकताना पुढील चार बाबी विसरू नयेत.

१. कर्ज फिटले तरी नोंदणी प्रमाणपत्रावरील बँकेच्या तारणाची नोंद आपोआप जातेच असे नाही. बँकेकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन परिवहन कार्यालयात ती रद्द करून घ्यावी. अनेक व्यवहार ऐन वेळी येथेच अडतात.

२. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० भरून मालकीची नोंद बदलल्याखेरीज व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये. नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

३. विम्यातील दावा-विरहित सवलत गाडीची नसून मालकाची असते. पाच वर्षे दावा केला नसेल, तर ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जाते. जुन्या विमा कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेऊन नव्या गाडीसाठी ती वापरावी.

४. घरातील प्रत्येकाच्या परवान्याची मुदत तपासावी. वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचेच होते आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते.

निर्णय कशावर घ्यावा?

मग त्या कुटुंबाने काय करावे? अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण नेहमी ऐकतो. गाडीच्या बाबतीत आधी पायही मोजावेत. मोठी गाडी नऊ दिवसांच्या गोतावळ्यासाठी घेतली होती. ती इच्छा चुकीची नव्हती आणि भाड्याच्या गाडीनेही ती पुरी होईल. उरलेल्या ३५६ दिवसांत घरी दोनच माणसे असतात आणि त्या दोघांपैकी कोणालाही, कोणत्याही वेळी गाडी गल्लीबाहेर काढता आली पाहिजे. लहान गाडीचा खरा लाभ हा आहे आणि तो वरच्या हिशेबात कोठेच दिसत नाही.

तेव्हा नव्या गाडीची चाचणी घेताना चालकाच्या आसनावर प्रथम पत्नीने बसावे. विक्रेता गाडी रुंद हमरस्त्यावर नेऊ पाहील; त्यांनी ती आपल्या गल्लीत आणावी, शक्यतो दिवेलागणीनंतर, दुचाकी लागलेल्या असताना. उलटी बाहेर काढावी आणि पुन्हा आत घ्यावी. हे त्यांना दोनदा निर्वेध जमले, तर पुढचे कागद करण्यास हरकत नाही. कर्ज, तारणाची नोंद आणि विमा यांविषयी शंका असल्यास आपल्या शाखेत अवश्य विचारणा करावी.