ॲनच्या छातीतली स्प्रिंग

नॉर्वेतल्या स्टॅव्हेंजरचे आसमुंड लेर्डाल हे खेळणी बनवणारे. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या, छोट्या मोटारी हा त्यांचा धंदा. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा एकदा पाण्यात बुडता बुडता वाचला होता. त्यामुळे श्वास द्यायला शिकवणारी बाहुली हवी म्हणून डॉक्टर आले, तेव्हा त्यांना फार पटवावं लागलं नाही.

डॉक्टरांची अडचण खरीच होती. तोंडाने श्वास देण्याची पद्धत बाल्टिमोरमध्ये पीटर सफर यांनी सिद्ध केली, ती स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने लुळे पाडून. शिकाऊंसाठी रोज अशी माणसं आणायची कुठून? १९६० मध्ये ‘रिससी ॲन’ आली. तिचा चेहरा पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीच्या मुखवट्यावरून घेतलेला. ती सीन नदीत सापडली होती म्हणतात. खरंखोटं कुणालाच ठाऊक नाही. छाती दाबायची पद्धतही त्याच सुमारास पुढे आली आणि सफर यांनी सुचवल्यावर ॲनच्या छातीत स्प्रिंग बसली.

आजही सराव तिथूनच सुरू होतो. मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचे खांदे भरून येतात, म्हणून तेवढ्या वेळाने माणूस बदलायचा.

पण हात तयार झाले म्हणजे पथक तयार झालं असं नाही. रुग्णालयात लखलखीत उजेड असतो, हाताशी चार माणसं असतात. ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या वाट्याला लिफ्ट नसलेला तिसरा मजला, अंधारा जिना आणि रडणारे नातेवाईक. म्हणून चांगले प्रशिक्षक बाहुली वर्गात न ठेवता जिन्याच्या वळणावर टाकतात, एखाद्याला आरडाओरडा करणारा काका बनवतात. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ही रंगीत तालीम. ऑक्सिजन सिलिंडरची चावी बॅगेत नाही, सक्शन मशीन चार्ज नाही, हे असल्या तालमीत उघडं पडतं. तिथे ते परवडतं.

बोलण्याचीही तालीम असते. ‘ॲड्रेनॅलिन एक मिलिग्रॅम द्या’ अशी सूचना आली की देणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची, दिल्यावर ‘दिलं’ असं सांगायचं. पहिल्यांदा हे पोरकट वाटतं. पण गोंगाटात ‘मला वाटलं तू दिलंस’ हा घोटाळा त्यानेच टळतो.

खरं शिक्षण मात्र बाहुली बाजूला ठेवल्यावर होतं. सगळे गोल बसतात, तालमीचं चित्रीकरण पाहतात. दाबणं नेमकं कुठे थांबलं, किती सेकंद, आणि का? ‘कुणी चुकवलं’ हा प्रश्न इथे विचारायचा नसतो. तो आला की पुढच्या खेपेला माणसं चुका लपवतात. अशा तालमीच्या, म्हणजे सिम्युलेशनच्या नावाखाली महागडी बाहुली घेऊन हा चर्चेचा तास उरकून टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर ॲम्ब्युलन्स येते. ती पोहोचेपर्यंतची मिनिटं मात्र घरच्यांच्या हातात असतात. सोसायटीत किंवा ऑफिसात सीपीआरचं, म्हणजे छाती दाबायला आणि श्वास द्यायला शिकवणारं शिबिर लागलं, तर मागे उभं राहून पाहू नका. गुडघे टेकून एकदा ती स्प्रिंग दाबून बघा. वाटते त्यापेक्षा ती बरीच कडक असते.