काळ्या पट्ट्यांचा जमाखर्च

घरच्या दूरचित्रवाणी संचावर चित्रपट लावला, की पुष्कळदा चित्राच्या वर आणि खाली दोन काळ्या पट्ट्या दिसतात. चित्रपट जुना असला, तर त्याच पट्ट्या डाव्या-उजव्या अंगाला जाऊन उभ्या राहतात. मग घरातले कोणीतरी म्हणतेच, "एवढ्या मोठ्या पडद्याचे पैसे मोजले आणि चित्र मात्र निम्मेच!" तक्रार स्वाभाविक आहे. परंतु पट्टी म्हणजे चित्राची चोरी, ही समजूत बरोबर नाही. ती का बरोबर नाही, हे कळण्यास थोडा इतिहास आणि त्याहून थोडे गणित पुरे आहे.

चित्राचा आकार सांगताना त्याची रुंदी उंचीच्या किती पट आहे, एवढेच सांगण्याचा प्रघात आहे. मूकपटांच्या काळी ही पट १.३३ होती, म्हणजे उंची तीन, तर रुंदी चार. बोलपट आल्यावर फितीच्या कडेला ध्वनीसाठी जागा द्यावी लागली आणि १९३२ साली अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १.३७ हे प्रमाण ठरविले. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (१९३६) किंवा आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' (१९५३) याच चौकोनी वाटणाऱ्या चौकटीतले. पुढे दूरचित्रवाणी आली, तिनेही चारास तीन हाच आकार उचलला. तेव्हा चित्रपटगृह आणि घर यांत आकाराचा तंटा नव्हता.

तंटा लावला तो स्पर्धेने. अमेरिकेत प्रेक्षक घरी बसून चित्रे पाहू लागला. जे घरी मिळणार नाही ते दाखविल्याशिवाय तो परत येणार नाही, हे हॉलिवूडने ओळखले आणि पडदा रुंद केला. १९५२ साली 'सिनेरामा'त तीन प्रक्षेपणयंत्रांनी मिळून एका वक्र पडद्यावर चित्र पाडले. ही यातायात सर्वत्र जमण्यासारखी नव्हती. १९५३ साली 'द रोब' या चित्रपटाने 'सिनेमास्कोप' आणला. त्याची युक्ती आंरी क्रेत्याँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगावर आधारलेली होती. चित्रीकरणाच्या वेळी हे भिंग दृश्य आडव्या दिशेने निम्मे दाबते; फीत हातात घेऊन पाहिली, तर माणसे काटकुळी दिसतात. दाखविताना दुसरे भिंग तेच चित्र पुन्हा पसरविते. फीत तीच, चित्र मात्र उंचीच्या अडीचपट! पुढे ध्वनीच्या सोयीसाठी हे प्रमाण २.३५ वर आले; आज ते २.३९ धरतात. ज्यांना वेगळे भिंग नको होते, त्यांनी चित्राचा वरचा-खालचा भाग झाकून रुंदी साधली. अमेरिकेत त्याचे प्रमाण १.८५ रूढ झाले, युरोपात बऱ्याच ठिकाणी १.६६.

आपल्याकडे गुरुदत्तांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जातो. त्यात रिकाम्या स्टुडिओत नायक आणि नायिका एकमेकांपासून दूर उभी आहेत. वरून उतरणारा प्रकाशाचा झोत व्ही. के. मूर्तींनी असा टिपला आहे, की दोघांमधली रिकामी जागाच बोलू लागते. असे दृश्य जुन्या, चारास तीन आकाराच्या संचावर पडदाभर दाखवायचे झाले, तर रुंदीचा शंभरांतला त्रेचाळीस भाग टाकून द्यावा लागे. मग एक तर तो दिसावा, नाहीतर ती. मधले अंतर मात्र नाहीसे. कित्येक रुंद चित्रपट वर्षानुवर्षे घरोघरी असेच छाटून दाखविले गेले, आणि पट्टी नसल्याने पाहणाऱ्याला त्या छाटणीचा पत्ताही लागला नाही.

आजच्या संचाचा आकार सोळास नऊ, म्हणजे १.७८ आहे. हा आकडा मोठा समंजस आहे. १.३३ आणि २.३५ यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले, तर जवळजवळ हाच येतो. म्हणून अतिरुंद चित्रपट लावला काय, किंवा चारास तीनचा लावला काय, पडद्याचा सुमारे चौथा हिस्सा काळा राहतो. म्हणजे निम्मे चित्र गेले ही ओरड हिशेबातही बसत नाही. आणि जो चौथा हिस्सा रिकामा असतो, तो पडद्याचा, चित्राचा नव्हे. चित्रपटगृहातही या पट्ट्या असतातच. तेथे त्या काळ्या कापडाच्या असतात आणि चित्राच्या आकाराप्रमाणे सरकविता येतात, म्हणून आपल्या डोळ्यांत भरत नाहीत, इतकेच.

पट्ट्या घालविण्याचे दोन उपाय संचातच दिलेले असतात, आणि दोन्ही रोगापेक्षा भारी आहेत. एक ताणण्याचा. 'संत तुकाराम' पडदाभर ताणला, तर विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तीस टक्क्यांनी रुंद होईल. दुसरा चित्र मोठे करण्याचा. त्यात उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा वर-खाली मिळून कापला जातो. तुकोबांना वैकुंठी नेणारा गरुड वर आकाशात जातो, तेथे वरचे आकाशच कापून कसे चालेल? आपल्या जुन्या मराठी चित्रपटांची खरी काळजी येथे आहे. ते बहुतेक सगळे चौकोनी चौकटीतले आणि आजचे सगळे संच रुंद. नव्या पिढीने ते प्रथमच पाहावेत आणि तेही डोकी कापलेले किंवा फुगलेले, हे आम्हांला पट्टीपेक्षा फार मोठे नुकसान वाटते.

या नियमाला एक अपवाद आहे. चित्राच्या चारही बाजूंना पट्ट्या दिसल्या, तर ते बहुधा जुन्या संचासाठी आधीच पट्ट्या घालून तयार केलेले रुंद चित्र असते. तेथे मोठे करण्याचे बटण खुशाल वापरावे. त्यात चित्र कापले जात नाही. एरवी संचाच्या मांडणीत चित्राचा मूळ आकार निवडावा आणि खोलीतला दिवा थोडा मंद करावा. चार-दोन मिनिटांत पट्ट्या अंधारात मिसळतात, आणि दिग्दर्शकाने जेवढे दाखवायचे ठरविले होते, तेवढे सगळे आपल्यासमोर राहते.